बाजारात तुरी : येणाऱ्या लेगो सेटच्या वावड्या कशा वाचायच्या

लेगोच्या नादाला नव्याने लागलेल्या माणसाचा पहिला गोंधळ ठोकळ्यांपाशी होतच नाही, बातम्यांपाशी होतो. एक जण सांगतो, पुढच्या जूनमध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा भलामोठा किल्ला येतोय. दुसरा किंमतही सांगून मोकळा होतो. तिसऱ्याने तर डब्याचा फोटोच टाकलेला असतो. कंपनी मात्र डेन्मार्कमधल्या बिलुंडला बसून चकार शब्द काढत नाही, कारण अफवांवर बोलायचं नाही हा तिचा शिरस्ता आहे. मग किंमत जास्त की कमी, मिनिफिगर, म्हणजे सेटमधल्या छोट्या माणसांच्या बाहुल्या, पुरेशा आहेत की नाहीत, यावर वादावादी पेटते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातलाच प्रकार.

तरीही या वावड्या अगदीच टाकाऊ नसतात. मोठा सेट चारशे-पाचशे डॉलरला जातो. तो येणार असल्याची कुणकुण आधी लागली तर पैसे बाजूला काढता येतात आणि परदेशातल्या नातेवाइकांची सुट्टी कधी आहे ते विचारून ठेवता येतं. अफवेचा उपयोग एवढाच, पण तो खरा आहे. मात्र त्यासाठी तिच्यातला कोणता भाग घट्ट आणि कोणता भाग हवेतला, हे ओळखता आलं पाहिजे. फँटसी चित्रपटांवरच्या सेटपुरतं ते कसं करायचं, ते पाहू.

पहिली पायरी : मागचा हिशेब जवळ ठेवा

नवी अफवा जुन्या सेटशी ताडून पाहायची असते. म्हणून आधी मागे काय काय आलं ते माहीत हवं.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे चित्रपट २००१ ते २००३ मध्ये आले, पण त्यांचे लेगो सेट निघाले थेट २०१२ मध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘हॉबिट’चे सेट सुरू झाले आणि २०१४ मध्ये हे सगळं थांबलं. हेल्म्स डीप हा किल्ला १,३६८ पीसचा, म्हणजे तेवढ्या सुट्या ठोकळ्यांचा, होता. २०१३ चा ऑर्थँकचा मनोरा २,३५९ पीसचा, त्याची किंमत २०० डॉलर. त्यानंतर कित्येक वर्षं या विषयावरचा नवा मोठा सेट आला नाही, आणि याच काळात दर काही महिन्यांनी ‘आता येतोय’ अशी कंडी पिकत राहिली. अखेर मार्च २०२३ मध्ये रिव्हेंडेल आला : ६,१६७ पीस, १५ मिनिफिगर, ५०० डॉलर. जून २०२४ मध्ये बराद-दूर हा मनोरा : ५,४७१ पीस, १० मिनिफिगर, ४६० डॉलर, उंची ८३ सेंटिमीटर. एप्रिल २०२५ मध्ये द शायर : २,०१७ पीस, ९ मिनिफिगर, २७० डॉलर. पाठोपाठ जून २०२५ मध्ये पुस्तकांच्या फळीवर बसणारा, बॅलरॉग या राक्षसाचा बुक नूक : १,२०१ पीस, १३० डॉलर.

हॅरी पॉटरची चाल निराळी. ते सेट २००१ पासून येत-जात राहिले आणि २०१८ मध्ये दणक्यात परतले. त्या वर्षीचा हॉगवर्ट्सचा मोठा किल्ला ६,०२० पीसचा. मग २०२० मध्ये डायगॉन ॲली (५,५४४ पीस), २०२२ मध्ये हॉगवर्ट्स एक्सप्रेसची मोठी आवृत्ती (५,१२९ पीस), २०२३ मध्ये ग्रिंगॉट्स बँक (४,८०१ पीस). हे तिन्ही ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुमारास आले.

एवढं डोक्यात असलं की बरीचशी फसवी अफवा पहिल्याच वाचनात गळते.

दुसरी पायरी : अफवेची ओळ फोडून वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लीक झालेली बातमी बहुतेकदा एका ओळीची असते. नमुन्यादाखल, मी रचलेली ही ओळ घ्या :

‘आयकॉन्स, १८+, लॉर्ड ऑफ द रिंग्ज, साधारण ५,००० पीस, ४५० युरो, जून.’

नवखा माणूस ही ओळ एकसंध वाचतो आणि सगळी खरी किंवा सगळी खोटी ठरवून टाकतो. जाणकार तिचे तुकडे करतो.

वरच्या ओळीत सेट नंबर नाही, पण जिथे तो असतो तिथे तोच त्यातल्या त्यात भरवशाचा तुकडा. दुकानदारांच्या यंत्रणेत आधी नंबर पोचतो, नाव आणि चित्र नंतर. रिव्हेंडेल १०३१६, बराद-दूर १०३३३, शायर १०३५४, बुक नूक १०३६७ : मोठ्यांसाठीच्या आयकॉन्स मालिकेत नंबर साधारण चढत्या क्रमाने जातात. आता ११ ने सुरू होणारे नंबरही दिसू लागले आहेत. पण नंबरवरून विषय ओळखण्याचा आत्मविश्वास आवरा. ७६ ने सुरू होणाऱ्या नंबरांत हॅरी पॉटरही आहे आणि मार्व्हल-डीसीचे सुपरहिरोही. शिवाय हॉगवर्ट्सच्या मोठ्या किल्ल्याचा नंबर ७१०४३ होता. ज्या अफवेत नंबरच नाही, ती अजून कच्ची आहे असं धरून चाला.

पीस आणि किंमत एकत्र वाचायचे. भागाकार करा. रिव्हेंडेलला पीसमागे साधारण ८ सेंट पडतात, बराद-दूरला ८.४, जुन्या ऑर्थँकलाही ८.५. म्हणजे ‘६,००० पीस, २०० डॉलर’ असं कुणी म्हणालं तर ते खुशाल सोडून द्या. पण उलट बाजूने हा नियम लावू नका. शायरला पीसमागे १३ सेंटांच्या वर पडले आणि त्यावरून चाहत्यांनी भरपूर बोटं मोडली. किंमत महाग वाटते म्हणून अफवा खोटी, असं कुणी तेव्हा म्हणालं असतं तर तोंडघशी पडलं असतं. ‘इतकी किंमत कशी ठेवतील’ हा आपला संताप झाला, पुरावा नव्हे.

किंमत कोणत्या चलनात सांगितली आहे तेही पाहा. मोठ्या सेटचा आकडा डॉलर आणि युरोत पुष्कळदा सारखाच असतो, पण युरोच्या किमतीत कर धरलेला असतो, डॉलरच्या नसतो. तुमची मावशी न्यू जर्सीत असेल तर दुकानात तिला वर विक्रीकर भरावा लागतो, आणि चुलतभाऊ ओरेगनमध्ये असेल तर भरावा लागत नाही. अशा घरगुती गोष्टींवर अफवेपेक्षा जास्त पैसे वाचतात!

तारीख म्हणजे महिना, एवढंच समजा. सेट बहुधा महिन्याच्या सुरुवातीला येतात, आणि मोठे सेट कंपनीच्या इन्सायडर्स सभासदांना काही दिवस आधी मिळतात. महिना मागेपुढे होणं अगदी नेहमीचं. फार दूरची तारीख दिलेली अफवा असेल तर ती वहीत लिहून ठेवा आणि विसरून जा.

नाव हा सगळ्यात ठिसूळ तुकडा. यंत्रणेत अनेकदा खरं नावच नसतं, नुसतं ‘मोठा किल्ला’ किंवा तसंच काही कामचलाऊ लिहिलेलं असतं. त्यावरून लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. ‘टॉवर’ एवढा शब्द फुटला की अर्ध्या जणांना कथेतलं मिनास तिरिथ हे शहर दिसतं, उरलेल्यांना ऑर्थँक. नव्या चित्रपटाच्या सेटबाबत तर नाव मुद्दाम संदिग्ध ठेवतात, कारण डब्यावरूनच कथा फुटायला नको असते.

मिनिफिगरची यादी उशिरा येते आणि तिच्यातच सगळ्यात जास्त मनचं घुसडलेलं असतं. रिव्हेंडेलमध्ये फेलोशिपमधले, म्हणजे कथेतल्या प्रवासी टोळीतले, नऊच्या नऊ जण एकाच डब्यात आले, तेव्हापासून प्रत्येक नव्या अफवेत लोक आपापली आवडती पात्रं कोंबू लागले आहेत. यादी फारच मनासारखी असेल तर ती कुणाची तरी इच्छायादी असण्याची शक्यता जास्त.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘किल्ला’ म्हटलं की त्यात मिनिफिगर मावतील एवढ्या खोल्या असतीलच असं नाही. ७१०४३ हा हॉगवर्ट्स सूक्ष्म मापाचा होता. त्यात बोटाच्या पेराएवढ्या बाहुल्या होत्या, आणि पूर्ण आकाराच्या मिनिफिगर फक्त शाळेच्या चार संस्थापकांच्या. ही तफावत अफवेच्या एका ओळीतून कधीच कळत नाही.

तिसरी पायरी : बातमी कुठून फुटली ते शोधा

सेट बाजारात येण्याआधी पुष्कळ हातांतून जातो. डेन्मार्क, हंगेरी, चेक प्रजासत्ताक, मेक्सिको, चीन आणि २०२५ पासून व्हिएतनाम, इतक्या देशांत लेगोचे कारखाने आहेत. पुढे गोदामं, घाऊक विक्रेते, दुकानांचे कॅटलॉग. यातल्या कुठल्याही टप्प्यावर माहिती गळते. कधी युरोपातलं एखादं ऑनलाइन दुकान वेळेआधीच वस्तूचं पान चालू करतं, कधी व्यापाऱ्यांसाठीच्या कॅटलॉगचा फोटो फिरतो, कधी नवी मिनिफिगर विक्रीला दिसते. या तिन्ही गोष्टी ‘माझ्या एका मित्राने सांगितलं’ यापेक्षा कितीतरी जड.

इथे नवख्यांना चकवणारी एक गोष्ट आहे. चाहत्यांच्या ज्या माध्यमांना कंपनीची मान्यता आहे, त्यांनी लीक झालेली चित्रं छापायची नाहीत असा दंडक असतो. म्हणजे सर्वांत विश्वासार्ह मंडळी याबाबत गप्प बसतात. त्यामुळे ‘अमक्या नावाजलेल्या ठिकाणी काहीच आलं नाही, म्हणजे खोटं’ हा तर्क चालत नाही. त्याचप्रमाणे एखादा फोटो कंपनीच्या तक्रारीवरून काढला गेला, तर तो खरा असण्याचा संशय बळावतो, पण खात्री तेवढ्यानेही होत नाही.

वीस ठिकाणी बातमी दिसली म्हणजे वीस साक्षीदार मिळाले, असंही समजू नका. बहुतेक जण एकमेकांचंच उचलतात. मागे मागे जात पहिलं तोंड कुणाचं, ते पाहा. मग त्या तोंडाने गेल्या वर्षी काय काय सांगितलं होतं आणि त्यातलं किती उतरलं, ते तपासा. हे काम कंटाळवाणं आहे, पण दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. आणि ३१ मार्च-१ एप्रिलच्या आसपास फुटलेल्या बातमीला दोन दिवस हातच लावू नका.

कंपनीच्याच छोट्या हालचालीही बोलक्या असतात. जानेवारी २०२३ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या ब्रिकहेड्स, म्हणजे मोठ्या चौकोनी डोक्याच्या छोट्या मूर्ती, दुकानांत आल्या आणि दोन महिन्यांनी रिव्हेंडेल आला. या चित्रपटांवरून सेट काढायचे हक्क पुन्हा कंपनीच्या हातात असल्याची ती उघड खूण होती. चित्रपटांचं वेळापत्रकही बघत राहा. हॅरी पॉटरच्या नव्या मालिकेचं चित्रीकरण एचबीओने २०२५ मध्ये सुरू केलं. अशा वेळी नव्या सेटची आवई उठणारच, ती खरी असो वा नसो.

चौथी पायरी : चित्र भिंगातून पाहा

हल्ली संगणकाकडून घडीभरात ‘डब्याचा फोटो’ करून घेता येतो. तो ओळखायला ठोकळ्याचं व्याकरण कामाला येतं. तीन पातळ प्लेट एकावर एक ठेवल्या की एका विटेची उंची होते, कारण प्लेट ३.२ मिलिमीटरची आणि वीट ९.६ ची. हे माप १९५८ मध्ये विटेचं पेटंट घेतलं त्या काळापासून चालत आलंय. बनावट चित्रात भिंतीचे थर मोजा : कुठे दोन प्लेटची वीट होते, कुठे साडेतीनची. वरची बटणं, ज्यांना स्टड म्हणतात, ती एका ओळीत सारख्या अंतरावर हवीत. दोन स्टडच्या मध्यांत ८ मिलिमीटरचं अंतर असतं. खोट्या चित्रात ती कोपऱ्यापाशी दाटतात किंवा एकमेकांत वितळतात. खऱ्या स्टडवर लेगो हे नाव उठावदार अक्षरांत असतं. फोटो जवळून काढलेला असूनही तिथे नुसते ओरखडे दिसले तर पुढे बघायची गरज नाही.

मग मिनिफिगरचे हात. खरा हात म्हणजे इंग्रजी ‘सी’च्या आकाराची पकड. पाच बोटं दिसली की फोटो बंद करा.

फोटो अंधूक आहे म्हणून तो खोटा, असं मात्र म्हणू नका. गोदामात घाईने काढलेला खरा फोटो वाकडा, धूसर, अर्धाच असतो. उलट फार गुळगुळीत, चहूबाजूंनी उजळलेलं चित्र पाहून सावध व्हावं.

पाचवी पायरी : तीन गोष्टींची गल्लत टाळा

एक, मॉक. चाहत्याने स्वतःच्या डोक्याने रचलेली बांधणी. ती इतकी सुंदर असू शकते की अधिकृत वाटावी, आणि तिचं चित्र पुढे ढकलत ढकलत ‘नवा सेट’ होऊन बसतं.

दोन, लेगो आयडियाज. इथे लोक कल्पना मांडतात. दहा हजार जणांचा पाठिंबा मिळाला की ती कंपनीच्या परीक्षणाला जाते. जाते म्हणजे मंजूर होते असं नाही, बहुतेक कल्पना तिथेच परत फिरतात. ‘होकस पोकस’ या जुन्या चित्रपटातल्या चेटकिणींचं घर २०२३ मध्ये याच वाटेने आलं. २०२४ चा डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळावरचा ३,७४५ पीसचा सेट आयडियाजवर घेतलेल्या स्पर्धेतून निघाला. ‘दहा हजार झाले!’ या आरोळीचा अर्थ फक्त परीक्षणाला पोचला, एवढाच.

तीन, नकली मालाच्या कंपन्यांचे डबे. अफवा उठली की त्या विषयावरचा स्वतःचा संच या कंपन्या काढू शकतात. बाजारात डबा दिसला म्हणून लेगोचा सेट आला असं होत नाही.

सहावी पायरी : जाहीर होईपर्यंत पाकीट बंद

इथे मी जरा कडक आहे. जाहीर न झालेल्या सेटसाठी आगाऊ पैसे मागणारा माणूस एकतर अंदाजावर धंदा करतोय किंवा तुम्हाला फसवतोय. गटातल्या ओळखीवर यूपीआयने हजार-दोन हजार ‘बुकिंग’ पाठवू नका. खऱ्या सेटचे फोटो वापरून नव्वद टक्के सूट देणारी संकेतस्थळं तर लीकच्या दुसऱ्या दिवशी उगवतात.

वावडीचा दुसरा प्रकार जाणाऱ्या सेटचा. ‘हा सेट रिटायर होतोय (म्हणजे त्याचं उत्पादन थांबतंय), आत्ताच घ्या.’ येणाऱ्या सेटच्या अफवेत फार तर आशा लावली जाते, जाणाऱ्या सेटच्या अफवेत घाई लावली जाते, आणि घाईत माणूस जास्त पैसे मोजतो. सांगणाऱ्याकडे त्याच सेटचे पाच-सहा डबे विक्रीला पडलेले आहेत का, हे आधी पाहावं. तुम्हाला तो सेट हवाच असेल तर अफवेशिवायही घ्या. नको असेल तर रिटायर होऊन तुमचं काय जातंय?

जुना सेट चढ्या भावाने घेण्याच्या विचारात असाल तर मात्र अफवेची दखल घ्या. त्याच वास्तूची नवी आवृत्ती येण्याची दाट शक्यता असेल तर जुन्याचा भाव उतरू शकतो. अशा वेळी महिना-दोन महिने थांबण्यात काही बिघडत नाही.

भारतातल्यांनी डॉलरला रुपयाच्या दराने गुणून बजेट ठरवू नये. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. इथली किंमत गुणाकारापेक्षा बरीच वर निघते आणि मोठे सेट उशिराही पोचतात. बाहेरून आणवणार असाल तर सामानाची त्या वेळची करमुक्त मर्यादा सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. डबा प्रचंड असतो. आतल्या पिशव्या बॅगेत भरून डब्याची घडी तळाशी घालायची, ही येणाऱ्या-जाणाऱ्यांची जुनी युक्ती आहे. बिल मात्र हाताशी ठेवायला सांगा. सील फोडलेला सेट पुढे विकायचा झाला तर भाव कमी येतो, तेवढं आधीच मनाशी धरा.

जागाही आत्ताच मोजा. बराद-दूर ८३ सेंटिमीटर, ऑर्थँक ७३. दिवाणखान्यातल्या शोकेसचा कप्पा तेवढा उंच क्वचितच असतो. एवढ्या मनोऱ्याला काच नसेल तर धूळ झटकायचं काम कायमचं मागे लागतं.

सातवी पायरी : जाहीर झाल्यावर

मोठ्या सेटची घोषणा आणि विक्री यांत फार अंतर नसतं. रिव्हेंडेल फेब्रुवारीत जाहीर झाला आणि मार्चमध्ये विक्रीला आला, बराद-दूर मेमध्ये जाहीर आणि जूनमध्ये दुकानात. म्हणून वही आधीच तयार हवी. तुम्ही लिहून ठेवलेला नंबर, पीस, किंमत, महिना खऱ्या आकड्यांशी लावून पाहा आणि कोणत्या तोंडाचं किती उतरलं त्याची खूण करा. दोन-तीन सेटनंतर कुणाकडे लक्ष द्यायचं, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

पहिल्या दिवशी घ्यावा का? पहिल्या काही दिवसांत मोठ्या खरेदीसोबत छोटा सेट फुकट मिळतो, त्याला चाहते जीडब्ल्यूपी म्हणतात. बराद-दूरबरोबर फेल बीस्ट, म्हणजे कथेतला उडता राक्षसी प्राणी, असा मिळाला होता. ते भेटसेट पुढे वेगळे विकत घ्यायला महाग पडतात. पण ही योजना कंपनीच्या स्वतःच्या दुकानांपुरती आणि साठा असेपर्यंतच असते, त्यामुळे परदेशातलं माणूस त्या आठवड्यात दुकानात जाणार नसेल तर त्यासाठी जीव टाकू नका. भेट नको असेल तर थांबा. इतर दुकानांत तो सेट सवलतीत दिसू लागतो का पाहा. तोवर ज्यांनी पहिल्या दिवशी घेतला, त्यांचे जोडणीचे अनुभवही वाचायला मिळतात : कुठे एकाच तऱ्हेचं काम फार आहे, कुठला कोपरा हलवताना सुटतो, स्टिकर किती आहेत.